अकराचा हुकूम

मी फॅक्स बोलतोय, तुरुंगाच्या कचेरीतला. बोलतोय कसला, पेंगत पेंगत सांगतोय. आलो तेव्हा काय थाट होता माझा! हात लावायला साहेबांची परवानगी लागे. आता शेजारी संगणक आलाय आणि माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवतात.

मग मला भंगारात का नाही घातलं? अहो, नियम! सुटकेचा हुकूम फॅक्सनेच यावा, सहाच्या आत यावा. हे लिहिणारे केव्हाच निवृत्त झाले. बदलायचं कुणी, ते कुणालाच ठाऊक नाही.

मागे एकदा एक मावशी सकाळपासून बाकावर बसल्या होत्या. मुलाला जामीन मिळाला होता. त्याचे वडील दवाखान्यात, आजचा दिवस निघेल की नाही अशी अवस्था. संगणकावर हुकूम अकरालाच आला. हेडक्लार्कनी वाचलासुद्धा.

"आलाय हो मावशी. पण फॅक्स यायला हवा."

"अहो, आलाय म्हणता ना?"

"आलाय, पण आलेला नाही."

कोर्टातला माझा भाऊबंद नेमका बिघडला होता. फोन करकरून हेडक्लार्कचा घसा बसला. माझा डोळा लागायचा, आणि स्वप्नात कागद पाखरांसारखे तारांवरून उडत यायचे. दचकून बघावं तर ट्रे रिकामा, आणि मावशी माझ्याकडे टक लावून बसलेल्या. जीव नुसता कासावीस व्हायचा.

शेवटी मी किरकिरलो, कागद बाहेर आला. भिंतीवर सहा वाजून दहा मिनिटं! मावशींना रडूच फुटलं. हेडक्लार्कनी चष्मा चढवला. कागदाच्या माथ्यावर वेळ मी छापतो, तिथे होतं पाच पंचावन्न. माझं घड्याळ कित्येक वर्षांपासून पंधरा मिनिटं मागे आहे, लावायला फुरसत कुणाला?

"नियमाने फॅक्सवरची वेळ धरतात," असं म्हणत त्यांनी धाडकन शिक्का मारला. जाताना मावशींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "देवासारखा धावलास रे बाबा!"

दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं. मुलगा पोचला, पण वडिलांची शुद्ध गेली होती. आदल्या दुपारी चारपर्यंत ते त्याला हाका मारत होते. हेडक्लार्कनी रिसीव्हर ठेवला आणि नियमांची फाईल काढली. मला तर मावशींचा तो हात आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दिवशी हेडक्लार्कनी नियम बदलण्यासाठी वर ई-मेल केला. काल उत्तर आलं: विनंती फॅक्सने पाठवावी.

आत्ता तोच कागद माझ्या तोंडात आहे. एवढा एक नीट जाऊ द्या हो. मग मला खुशाल भंगारात घाला.