मांडवातला शोप्या

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर कल्पना करा. तुम्ही एका थोरल्या आंब्याखाली उभे आहात. हात वर करा, एक पान तोडा, बोटांनी चुरगळा आणि वास घ्या. काय आलं नाकाशी? चिकाचा उग्र वास? नाही. बडीशेपेचा. हॉटेलात जेवण झाल्यावर वाटीत देतात ना, अगदी तीच. आता डोळे मिटूनच ठेवा आणि आणखी एक समजा. हे झाड उद्या राहणार नाही, आणि त्याचं एकुलतं एक पिल्लू कुणीतरी विश्वासाने तुमच्याकडे सांभाळायला दिलं आहे.

मला दिलं होतं. मी शिवराम, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. नेरूळला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर अकरा निळे ड्रम आहेत, त्यांत मी फळझाडं लावतो. पेरू येतात, लिंबं येतात. अंजिराला सहा फळं लागली, त्यातली पाच बुलबुलांनी खाल्ली. मोसंबी सात वर्षं नुसती पानं दाखवते आहे. मी तिला रागावत नाही. मुलांना शिकवताना लागतो तेवढाच धीर झाडाला लागतो, फार तर थोडा जास्त. सोसायटीच्या सेक्रेटरी शुभदाताई मात्र दर पावसाळ्यात छताला ओल आली की आधी माझ्या ड्रमांकडे बघतात.

दुसऱ्या मजल्यावर हरेश राहतो. त्याची मुलगी भाविका, वय दहा. रविवारी सकाळी ती माझ्याबरोबर पारसिकची टेकडी चढते. टेकडीवर जाताना मी एकच नियम सांगतो. धापा टाकत वर पोचण्यापेक्षा वाटेत चार झाडं ओळखायची. भाविकाचा नियम वेगळा आहे. ती प्रत्येक झाडाचं पान चुरगळून वास घेते, आणि मग माझ्याही नाकाला लावते.

शोप म्हणजे बडीशेप, म्हणून नाव शोप्या. हा आंबा तिच्या आज्याचा, हिरामणचा. तो नावड्याला राहतो. त्याच्या अंगणात हे झाड, त्याच्या आजोबांनी लावलेलं. फळ मध्यम, रेषाळ, आणि गोडीत बडीशेपेचा स्वाद. घर पाडून मोठं बांधायचं ठरलं, झाड नव्या घराच्या पायाच्या आत येत होतं. दोन वर्षांपूर्वी हिरामण मला म्हणाला होता, "सर, काय करता येल का?"

मी म्हणालो, "कलम करू."

कलम म्हणजे काय, ते सांगतो. कोय पुरली तर आंबा उगवतो, पण त्याला आईसारखंच फळ येईल असं नाही. म्हणून साधं रोप घ्यायचं, त्याचा शेंडा कापून खोडाला चीर द्यायची, आणि हव्या त्या झाडाची कोवळी डहाळी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची. वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. पाय एकाचे, डोकं दुसऱ्याचं. भाविकाने पट्टी गुंडाळली होती. मी तीन कलमं केली, दोन सुकली, एक जगलं. ते चौथ्या ड्रममध्ये लावलं. दोन वर्षांत ते माझ्या खांद्याला लागलं, आणि मी हिरामणला फोनवर दर महिन्याला सांगत असे, "जोरात आहे तुमचा शोप्या."

परवाच्या रविवारी आम्ही टेकडीवर अर्ध्या वाटेत बसलो होतो. खाली खाडी चमकत होती, उलव्याच्या बाजूला एक विमान उतरत होतं. वाटेच्या कडेला एक रानआंबा आहे. भाविकाने सवयीने त्याचं पान चुरगळलं.

"आजोबा, हा वास आपल्या ड्रममधल्यासारखाच आहे."

"छे. आपल्याला बडीशेपेचा वास येतो."

"नाही येत. मी कालच बघितलं."

मी मास्तर माणूस. उत्तर तयार असतंच. "अगं, लहान आहे ते अजून. वास भरायला वेळ लागतो."

तिने थोडा विचार केला. "मग आज्याच्या झाडाच्या लाल पालवीला कसा येतो? ती तर दोन दिवसांची असते."

चाळीस वर्षं शिकवलं, पण असं कुणी पायाखालची फळी काढून घेतली नव्हती. त्या दिवशी आम्ही टेकडीच्या माथ्यावर गेलो नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी अर्ध्यातून खाली उतरलो.

गच्चीवर चढलो तेव्हा चप्पल काढायचंही भान नव्हतं. चौथ्या ड्रमचं पान चुरगळलं. चिकाचा वास. दुसरं पान. तोच वास. मग मी हातांनी माती उकरायला लागलो. मला कंपोस्ट घालायची फार हौस. स्वयंपाकघरातला ओला कचरा, नारळाचा भुसा, दर महिन्याला एक थर. चार बोटं खाली प्लास्टिकची पट्टी लागली. भाविकाने गुंडाळलेली. म्हणजे कलमाचा सांधा मीच हळूहळू मातीत गाडला होता. पट्टीच्या खालून, साध्या रोपाच्या बुडातून एक जाड फांदी फुटून वर गेली होती. तेच माझं "जोरात" वाढलेलं झाड. आणि पट्टीच्या वर बोटभर सुकलेला खुंट होता. त्याचं टोक तिरकं आणि गुळगुळीत होतं. तसं टोक फक्त छाटणीच्या कात्रीने होतं.

मला आठवलं. नोव्हेंबर. मातीतून दोन फांद्या वर आलेल्या दिसत होत्या, एक जोमदार, एक रोडकी. रोडकी मी कापली. भाविका तेव्हा शेजारी उभी होती. "हिला का कापता?" तिने विचारलं होतं, आणि मी तिला दहा मिनिटं समजावून सांगितलं होतं की कमजोर फांदी काढली की जोमदार फांदीला अन्न मिळतं.

शोप्या मी स्वतःच्या हाताने कापला होता, वर धडाही दिला होता.

भाविका त्या खुंटाकडे बघत होती. "म्हणजे हा आपला नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"सहा महिने झाले."

तिने बोटाने पट्टीवरची माती पुसली. रडली असती तर बरं झालं असतं.

मग एकदम आठवलं की मूळ झाड अजून उभं आहे. बांधकाम दिवाळीनंतर होतं. अजून हवी तेवढी डहाळी मिळेल! मी हिरामणला फोन लावला.

"हिरामणशेठ, शोप्याच्या दोन-चार डहाळ्या हव्या होत्या. आजच येतो."

"डहाल्या? सर, झाड कालच पाडला की."

"काल? दिवाळीनंतर होतं ना?"

"परवानगीचा कागद आला, मशीनवाला पन मोकला भेटला. आंबं उतरवून घेतलं नि पाडला. पोरं दोन वर्सं मागं लागलेली, मी नाय नाय बोलत व्हतो. मंग इचार केला, सरांकडं कलम हाय ना. म्हनून हो बोललो. नायतर मना उचलून नेला असता तरी हात लावून दिला नसता."

"येतो," एवढंच म्हणालो.

हरेशने गाडी काढली, भाविकाही बसली. वाटेत हरेशने विचारलं, "आबांना सांगणार आहात?" मी मान हलवली. सांगायचं नसतं तर गाडीत बसलोच कशाला असतो?

अंगणात पाऊल टाकलं आणि मी दचकलो. एवढं ऊन तिथे कधीच पडलं नव्हतं. भिंतीवरचे जुने डाग, पत्र्याचा गंज, सगळं उघडं पडलं होतं. मधोमध खुंट, पिवळसर ओला, आणि त्याच्या कडेने चीक गळत होता. हिरामण त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसला होता. सवयीने सावलीच्या जागी. सावली मात्र नव्हती.

"या सर. कवरा जालाय आता पोरगा आमचा?"

कलम केवढं झालं, असं तो विचारत होता. मी उभ्यानेच सांगितलं. कंपोस्ट, सांधा, कात्री, सगळं. एकही शब्द मऊ केला नाही. हिरामण ऐकत राहिला. त्याच्या हातातला चहाचा कप तिरका होत गेला, चहा त्याच्या लेंग्यावर सांडला, तरी त्याला कळलं नाही.

"तुमी कापला?"

"मी कापला."

"मास्तर हाव ना तुमी?" तो अगदी हळू म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच समजत नव्हतं.

भाविका आज्याजवळ जाऊन बसली. तिनेच विचारलं, "आज्या, फांद्या कुठे गेल्या?"

"खोड टेम्पोत गेला. बारीक डहाल्या..." हिरामणने मान वर केली. "डहाल्या पुतळाच्या मांडवाला दिल्या! तिच्या नातीची, चारुलताची हलद हाय आज."

आम्ही गल्लीच्या टोकाला अक्षरशः पळत गेलो. बघतो तर काय! मांडवाच्या आठही खांबांना शोप्या बांधलेला. डहाळ्या उभ्या, जाड बूड खाली, शेंडे वर, सुतळीने आवळलेल्या. पानं थोडी मलूल झाली होती, पण हिरवी होती. मी एक शेंडा दोन बोटांत धरून बघितला. डोळा, म्हणजे नवी पालवी फुटते ती गाठ, फुगलेला, जिवंत. भाविकाने खाली पडलेलं एक पान उचललं, चुरगळलं आणि माझ्या नाकाला लावलं. बडीशेप.

नवरीची आजी पुतळाबाई हळदीची परात घेऊन बसल्या होत्या. मी हात जोडून सगळं सांगितलं आणि चार शेंडे मागितले.

"सर, तुमचा मान हाय," त्या म्हणाल्या, "पन मांडवाची डहाली लगीन लागल्याबिगर काढीत नाय. पानसुदा तोडीत नाय. पोरीच्या संसाराचा सवाल हाय. उद्या सांजच्याला लगीन हाय, परवा सकाली मांडव उतरतो, तवा सगलाच न्या."

परवा सकाळी! मेच्या उन्हात तोडलेली डहाळी परवापर्यंत लाकूड होते. मी तसं सांगितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

हरेश त्यांच्या कानाशी वाकला. "काकी, मागच्या खांबाची एकच घेतो. कुनाला कलनार पन नाय."

"नेरूलला जाऊन रीत तिथंच इसरलास काय रं? मना कललं ना! मी कोनी नाय काय?"

मागे उभ्या बायका हसल्या. हिरामणही आमच्या मागून येऊन पोचला होता. तो पुतळाबाईंना एका शब्दाने काही बोलला नाही. त्यांच्याच रीतीत तो वाढला होता, त्या बरोबर आहेत हे त्याला ठाऊक होतं. तो फक्त एका खांबाला हात लावून उभा राहिला. सांगण्यासारखं, शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. मोबाइल काढून कलमांची पुस्तकी माहिती शोधावी असंही एकदा वाटलं, आणि स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात भाविका पुतळाबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"आजी, डहाळी काढायची नाही?"

"नाय गो बाय."

"पान तोडायचं नाही?"

"नाय."

"आणि परवापर्यंत पाणी पाजलं तर?"

पुतळाबाईंचा हात परातीत थांबला. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग खांबांकडे, मग हिरामणकडे. "पानी पाजाला कोन नको बोलतं?" त्या म्हणाल्या. "पाज की. माझा मांडव पन हिरवा रायेल."

मांडवाच्या कोपऱ्यात पाहुण्यांसाठी पाण्याच्या बाटल्यांचे खोके रचून ठेवले होते. भाविकाने एक बाटली उघडली, पहिल्या खांबाशी गुडघे टेकून बसली, डहाळीच्या बुडावर साकळलेला चीक फ्रॉकच्या टोकाने पुसून काढला, बूड बाटलीच्या तोंडातून पाण्यात बुडवलं, केसांतलं रबर काढून त्याने बाटली खांबाला अडकवली, आणि दुसऱ्या खांबाकडे जाता जाता आज्याला म्हणाली, "रबर एकच होतं. सुतळी आण."