पाचपट

अमरावतीच्या राजापेठेत, मोबाइलच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर, प्रणाली इंगोलेचा क्लास होता. पॉलिटेक्निकची मुलं तिच्याकडे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला शिकायची. हे पोटापाण्याचं. जीव मात्र तिचा विमानांत अडकलेला. हातात उचलून नेता येतात अशी, थर्माकोलची नाहीतर हलक्या लाकडाची, रिमोटवर उडणारी विमानं. रविवारी सकाळी भातकुलीच्या रस्त्याला एका पडीक वावरात ती आणि आणखी चारदोन जण विमानं उडवत. गुरं राखणारे लोक आधी हसायचे. पुढे तेच वाऱ्याची दिशा सांगायला लागले.

अकोला-अमरावतीकडच्या अशा वेड्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. विमानाचे सुटे भाग इकडे मिळत नाहीत, बाहेरून मागवले तर वाट पाहून जीव जातो. म्हणून ज्याने जो भाग बनवला त्याचं ड्रॉइंग तो ग्रुपवर टाकायचा. ज्याला हवं त्याने ते उतरवून घ्यावं, थ्रीडी प्रिंटरवर काढावं नाहीतर पत्र्यातून कापून घ्यावं. प्रणालीचा पंखाचा सांधा सगळ्यांत जास्त लोकांनी घेतला होता. दोन पट्ट्या आणि मधे एक नळी. दोन्ही पंख तिथे येऊन विमानाच्या अंगाला जोडले जातात. वजन वाचावं म्हणून तिने प्रत्येक पट्टीत गोल भोकं ठेवली होती. तिचं विमान दोन किलोचं. हवेत कोलांट्या खाल्ल्या तरी सांधा जागचा हलला नव्हता.

ग्रुपमध्ये पातूरकडचे एक शेषराव होते. फुलं आणि भाजीपाल्याची शेती, शिवाय घरीच वेल्डिंगचं सामान. लिहायचे कमी, फोटो टाकायचे. कधी घासून लख्ख केलेलं चाक, कधी पंखाच्या फासळ्या. एकदा त्यांनी वैमानिकाच्या खुर्चीचा फोटो टाकला. खुर्चीला पट्टासुद्धा होता. ग्रुप खूश झाला. ‘काका, एवढासा पट्टा कुठून आणला?’ कोणीतरी विचारलं. शेषरावांनी उत्तर दिलं, ‘भंगारात भेटला.’

त्यांनी एकदा प्रणालीला विचारलं होतं, ‘म्याडम, तुमचा सांधा मोठा केला त चालते काय?’ दुसरी बॅच जिन्यात येऊन थांबली होती. तिने घाईत लिहिलं, ‘चालेल काका. फक्त सगळी मापं एकाच पटीत वाढवा.’ मोठा म्हणजे दोन मीटरचं विमान तीन मीटरचं, एवढंच तिच्या मनात आलं.

हिवाळ्यात शेषरावांचा निरोप आला. ‘विमान तयार हाय. पाहाले या.’

प्रणाली सकाळच्या गाडीने अकोल्याला गेली. तिथे कुलदीप मोटारसायकल घेऊन उभा होता. बॅटरीच्या दुकानात काम करणारा हा पोरगा ग्रुपमधलाच. दोघं पातूरच्या रस्त्याला लागले. गावाच्या अलीकडे शेषरावांचा मळा होता. झेंडूच्या वाफ्यांमधून वाट, तिच्या टोकाला कांदा साठवायची जुनी पत्र्याची चाळ. शेषराव धोतरावर स्वेटर घालून वाटेतच सामोरे आले. साठीला टेकलेला, वाळका, हसरा माणूस.

“या, या. तुमच्याच भरोशावर झालं म्याडम हे सारं.”

चाळीत उजेड कमी होता. भिंतीला एक टेबल होतं, त्यावर नटबोल्टचे पाने आणि कानस. विमान कुठेच नव्हतं. वर निळ्या कापडाचं छत बांधलं होतं, बहुतेक धूळ पडू नये म्हणून. प्रणाली टेबलाखाली वाकून पाहायला लागली.

“काका, विमान कुठं आहे?”

शेषराव हसले. “अव म्याडम, तुमी त्याच्या पंखाखालीच उभ्या हा.”

तिने वर पाहिलं. निळ्या कापडाखाली फासळ्यांच्या रेघा दिसत होत्या. त्या कापडाला शेवट होता, गोलसर, नीट शिवलेला. तिने नजर फिरवली तसं अंधारातून बाकीचं बाहेर आलं. नाकावरचा पंखा, जुन्या व्हॅनचं इंजिन, स्कूटरची चाकं. आणि मधोमध ती खुर्ची. पट्ट्यासकट. माणसाच्या मापाची.

कुलदीपच्या तोंडून एवढंच निघालं, “आता ग माय!”

प्रणालीने पंखाच्या मुळाशी पाहिलं. तिथे ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून कापलेला तिचा सांधा होता. तीच वळणं, तीच गोल भोकं, फक्त प्रत्येक भोकातून तिचा हात गेला असता. आपल्याच हाताने काढलेली रेघ एवढी मोठी होऊन समोर उभी होती.

“किती मोठं केलं काका?”

“पाचपट. तुमी म्हणलं होतं न, सारे मापं सारखेच वाढवा. एक सूत इकडचं तिकडं नाही केलं.” त्यांच्या आवाजात शाबासकीची वाट पाहणारा अभिमान होता.

“आणि हे... हे रिमोटवर?”

“नाही बाप्पा! एवढं धूड रिमोटवर कसं उडन? सीमा उडवते. माही पोरगी.”

चहाचे कप घेऊन एक बाई आणि मागोमाग एक मुलगी आली. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची, बारकुडी, केस घट्ट बांधलेले. शेषरावांची बायको मैनाबाई कप पुढे करत म्हणाली, “घरात तिचंच वजन सगळ्यात कमी हाय म्हणून ती बसते. मांगच्या रविवारी वावरात हात-दोन हात वर गेलती. मी त तिथीच नारळ फोडला. आता उद्या खरं उडवाचं हाय.”

हे सगळं बाई इतकं सहज बोलली, जसं पोरगी सायकल शिकली. प्रणालीने कप टेबलावर ठेवला आणि जवळच्या पोत्यावर बसली. या सांध्यावर, या भोकांच्या पट्ट्यांवर, ही मुलगी जमीन सोडून वर गेली होती.

“कोणाची परवानगी घेतली?” कुलदीपने कसंबसं विचारलं.

“आपल्या वावरात उडवाले कोणाची परवानगी?” शेषराव म्हणाले.

प्रणाली उठली. “काका, ऐका. हे उडवायचं नाही. हा सांधा टिकणार नाही.”

शेषरावांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतलं गेलं. “काहून? तुमचाच हाय न थो.”

“माझा दोन किलोच्या विमानासाठी आहे. माप पाचपट केलं की वजन पाचपट होत नाही काका. लांबीही पाचपट, रुंदीही, जाडीही. वजन सव्वाशेपट होतं. सांध्याची ताकद तेवढी वाढत नाही. मुंगी माळ्यावरून पडली तर उठून चालायला लागते. बैल पडला तर?”

“पण वर गेलं न हे. मी पाह्यलं माह्या डोयानं.”

“हात-दोन हात गेलं. वर हवेचा एक झटका बसला की पंखावरचा भार दुपटी-तिपटीनं वाढतो.”

“तुमी आता सांगून राहिल्या,” शेषराव हळूच म्हणाले. “इचारलं तवा नाही सांगतलं.”

प्रणाली म्हणाली, “हवा पंखाला खालून वर ढकलते, म्हणून पंख काढू, उलटा ठेवू आणि त्याच्यावर पोती ठेवून पाहू. टिकला तर मी माझे शब्द मागे घेईन.”

“चांगला पंख मोडाले? दोन वर्षं लागले मले.”

“ठेवा पोते,” मागून आवाज आला. सीमा बोलली होती. “बसणार मी हाय बाबा. मले पाहू द्या.”

शेषरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग मुकाट्याने पाना उचलला.

पंख बाहेर, उन्हात, मधल्या सांध्याजवळ दोन लोखंडी स्टँड लावून त्यांवर उलटा ठेवला गेला. जोडलेले दोन्ही पंख, मधे सांधा. कुलदीप आणि सीमाने सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरली, मैनाबाई त्या उचलून देत होती. प्रणाली पंखाच्या दोन्ही बाजूंना सारख्या गोण्या ठेवायला सांगत होती. विमानाच्या वजनाइतका भार झाला. पंख थोडा वाकला, पण राहिला. शेषरावांच्या चेहऱ्यावर रंग परतला.

“पाहा,” ते म्हणाले.

“अजून,” प्रणाली म्हणाली.

सीमाने एक गोणी ठेवली. कुलदीपने समोरच्या बाजूला दुसरी. सीमा वळून तिसरी उचलायला वाकली, तेवढ्यात फाटकन आवाज झाला. बंदुकीसारखा. झेंडूतले बगळे उडाले. दोन्ही पंख एकाच वेळी खाली दुमडले, पुस्तक मिटावं तसे, आणि गोण्या घरंगळत जमिनीवर आल्या. धुळीत कापडाचा एक तुकडा फडफडत राहिला.

प्रणाली जवळ गेली. पट्ट्या बरोबर भोकांवरून फाटल्या होत्या. पाच ग्रॅम वाचावेत म्हणून तिने एका दुपारी माउसने काढलेली ती भोकं.

सीमाने तुटलेल्या पट्टीचा तुकडा उचलला. चकाकणाऱ्या कडेवरून तिने बोट फिरवलं. मग ती तशीच मातीत बसली. मैनाबाई धावली. इतका वेळ हौसेने पोती उचलून देणाऱ्या त्या बाईने पोरीचं डोकं पोटाशी धरलं. नवऱ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

“खुर्ची पाह्यली होती न तुमी?” सीमा प्रणालीला म्हणाली. रडत नव्हती. “फोटो मीच काढला होता. तुमी साऱ्यांनी अंगठे दाखवले. कोणी इचारलं नाही का खुर्ची केवढी हाय.”

“नाही विचारलं,” प्रणाली म्हणाली.

शेषराव स्टँडजवळ उभे होते. त्यांनी एक गोणी उचलली आणि पंखावरून बाजूला ठेवली. मग दुसरी. जणू ओझं काढलं की पंख पुन्हा सरळ होणार होते.

निघताना कुलदीपने तुटलेल्या सांध्याचा फोटो काढून घेतला. त्या संध्याकाळी प्रणालीने ग्रुपवर सगळं लिहिलं. आधी लोकांना गंमत वाटली. कुलदीपने तो फोटो टाकला तेव्हा हसण्याचे इमोजी थांबले. तिने सगळ्या ड्रॉइंगवर ठळक अक्षरांत वजनाची मर्यादा लिहिली आणि पुन्हा टाकली. जुनी ड्रॉइंग कोणाकोणाकडे, कुठल्या गावात गेली होती, ते आता तिलाही सांगता आलं नसतं.

चार दिवसांनी शेषरावांचा फोन आला. “म्याडम, सांधा लोखंडाचा केला, भोकं नाही ठेवले, त?”

तिने डोळे मिटले. “नाही काका. नुसत्या सांध्याचं नाही ते. फासळ्या, कापड, सगळंच. मी येते रविवारी, बसून बोलू. तोवर हात लावू नका.”

रविवारी ती निघायच्या आधीच सीमाचा फोन आला. “येऊ नोका तुमी. मी पंख कापून टाकले.”

“काय?”

“ग्रायंडरनं. काल बाबा अकोल्याले फुलं घेऊन गेलते तवा. मी बसत नाही म्हणलं त ते सोताच बसतो म्हणत होते. मंग काय करू?”

प्रणाली खिडकीशी उभी होती. खाली राजापेठेत गाड्यांचे हॉर्न चालू होते. हेच व्हावं म्हणून तिने चार रात्री धड झोप घेतली नव्हती, आणि आता झालं तर तिला ती निळी, नीट शिवलेली गोलसर कड दिसत होती.

“बाबा काय म्हणाले?”

“काही नाही. जेवले नाही काल. आज सकाळी उठून तुकडे एका जागी लावले, अन् पाणी द्यायले गेले झेंडूले.” ती थांबली. “बोलता काय? आलेच ते.”

फोनमध्ये खसखस झाली. मग शेषरावांचा श्वास.

“काका,” प्रणाली म्हणाली.

“एक इचारू म्याडम?” ते म्हणाले. “खरं सांगा. सारं बराबर केलं असतं, कोणी सांगणारं असतं, त उडलं असतं काय हो थे?”

त्यांची चाकं, फासळ्या, त्या सरळ शिलाया तिने जवळून पाहिल्या होत्या.

“उडलं असतं काका.”

“हाव,” शेषराव म्हणाले. “मले बी तसंच वाटत होतं.” मग लांबून मैनाबाईने हाक मारली, मोटार बंद करायची राहिली होती, पाणी वाफ्याबाहेर चाललं होतं, आणि ते “येतो, येतो” म्हणत फोन चालू ठेवूनच तिकडे गेले.