पश्चिमेला उतरता स्टँड

काम बघायच्या आधीच मी वेल्डर रामनाथला चहा दिला, तिथेच घोळ झाला. माझी बायको जयवंती असती तर आधी गच्चीवर एक चक्कर मारली असती, चार ठिकाणी बोट ठेवून "हे काय?" विचारलं असतं आणि मग चहा. आमच्या घरात चाळीस वर्षं गवंडी, प्लंबर, माडावर चढणारे, सगळ्यांशी तीच बोलायची. ती जाऊन आठ महिने झाले. मी अजून शिकतोय.

सोलर बसवायचं तिनेच ठरवलं होतं, अर्जही तिनेच भरला होता. ते काम मी एकट्याने पुरं करतो म्हटल्यावर आमचा धवल म्हणाला, "बाबा, एवढं एक करून दाखवा. नाही जमलं तर दिवाळीआधी सामान बांधायचं आणि आमच्याकडे एव्हरशाईनच्या फ्लॅटवर यायचं. हे घर बंद." मीही तावातावाने हो म्हणून बसलो.

रामनाथ मूळ चांदीपचा, वर्कशॉप वालीवला. वसईतल्या निम्म्या गच्च्यांवरच्या पत्र्याच्या शेड त्याच्या, असं तोच सांगतो. बुधवारी त्याने पॅनेलसाठी चार पायांचा लोखंडी स्टँड जोडला, रंग मारला आणि गेला. मी वर जाऊन ढकलून पाहिला. जराही हलला नाही. फक्त उतार पश्चिमेला होता. पॅनेलवाल्याने बजावलं होतं की तोंड दक्षिणेलाच हवं.

तीन दिवस मी फोन हातात घ्यायचो आणि ठेवायचो. अशा वेळी जयवंती पहिलं वाक्य काय बोलायची, तेच आठवेना. शेवटी शनिवारी फोन केला. रविवारी सकाळी रामनाथ आला.

"काका, मस्त झालंय की!"

"उतार बघ."

"पश्चिमेला. पाऊस तिकडनंच येतो ना. उंच बाजू तिकडे ठेवली तर सगळं पानी आत."

"आत कुठे? खाली कोण राहणार आहे?"

त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं. "हां. शेड नाय ही."

"मी तुला दक्षिण सांगितली होती."

"सांगितली होती. पण हात सवयीने चालतो, काका. अन् तुम्ही दिवसभर खाली पेपर वाचत. काकी असत्या तर पहिला पाय उभा राहिला तेव्हाच माझा कान धरला असता."

खरंच होतं.

तेवढ्यात धवल जिना चढून आला. मोबाईलवर दिशा पाहिली. "बाबा, हे पश्चिमेला आहे."

"कळलं मला."

"मग राहू दे. थोडी कमी वीज बनेल. तसंही दिवाळीनंतर इथे पंखा लावणार कोण?"

"साहेब बरोबर बोलतात," रामनाथ लगेच म्हणाला. "कापायचं म्हणजे पुन्हा सगळा रंग आला."

दोन मिनिटांत दोघांचं जमलंसुद्धा. माझ्याच गच्चीवर, माझ्यासमोर, मी तिथे नसल्यासारखं.

"काप," मी म्हणालो.

"काका..."

"ईशान्येचा उंच पाय आणि नैऋत्येचा बुटका, दोन्ही तसेच राहू देत. आग्नेयेचा काप आणि तोच तुकडा वायव्येच्या पायाला जोड. वरची चौकट सोडवून फिरव." तीन दिवस फोन न करता मी कागदावर हेच काढत बसलो होतो.

रामनाथने बोटांवर दिशा मोजल्या. "दोनच पाय. मग हे आधी का नाय बोललात?"

"आता बोललो ना? ग्राइंडर काढ."

"बाबा, उगाच हट्ट कशाला?" धवल म्हणाला.

"मला उन्हाळ्यात पंखा लागतो," मी म्हणालो. "इथे."

रामनाथने पुटपुटत वायर जोडली आणि धवलला म्हणाला, "साहेब, नुसते उभे राहू नका, टोक धरा. ठिणग्यांकडे बघू नका." धवलने इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि चौकट धरली.

"किती दिवस लागतील?" त्याने विचारलं.

"चार," रामनाथ म्हणाला.

"दोन," मी म्हणालो.

तुकडा जोडायच्या आधी मी रामनाथला दक्षिण कुठली ते विचारलं. त्याने हाताने दाखवली. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. तेव्हा मात्र तो वैतागला.