गौराईपुढची डेमू

यंदा गौराईपुढं रेल्वे करायची, असं सवितानं चहा गाळता गाळता जाहीर केलं, तेव्हा तिचे सासरे हौसराव अंगणात बाजेवर बसून दाढी करत होते. हातातला वस्तरा गालावरच थांबला.

"रेल्वे? आन् ती कशाला गं?"

"देखावा, मामा. दरसाली आपला त्यो धबधबा न् भाकऱ्या थापणारी बाहुली. औंदा गाडी पळवायची. रुळावरची, खरीखुरी."

"अख्ख्या शिरूर तालुक्यात रूळ न्हाई, आन् ह्यांच्या सोप्यात गाडी पळणार!" हौसराव आरशात बघून स्वतःशीच हसले. सासूबाई साखरबाईंनी मात्र एवढंच विचारलं, "गौराईला जागा उरंल ना?"

सविताचं माहेर खुटबावचं. घर रेल्वे लाईनीला इतकं लागून की मालगाडी नाहीतर दौंडची डेमू, म्हणजे डिझेलवरची लोकल, गेली की मांडणीवरची ताटं वाजायची. लग्न होऊन ती निमोण्यात आली तेव्हा पहिले काही महिने तिला धड झोप लागली नव्हती. गाडीचा आवाज नाही म्हणून डोळा लागत नाही, हे नव्या नवरीनं सासरी सांगायचं तरी कुणाला? पुढं सवय झाली. शेत, दूध, पोरीचं शिक्षण यात वर्षं गेली. पण गौरीची आरास हे तिचं हक्काचं काम होतं, आणि गावातल्या बायका ती बघायला मुद्दाम वाट वाकडी करून येत.

नवरा रविराज रांजणगावला कंपनीत होता. त्यानं मोबाईलवरून इंजिन, डबे आणि रूळ मागवले. खोकं उघडलं तर इंजिन सविताच्या तळहातात मावत होतं. हौसरावांनी चष्मा लावून खोक्यावरचं बारीक छापील वाचलं आणि "खेळणं हाय हे," म्हणून परत ठेवून दिलं.

मग कामाला रंग चढला. सोप्यात दोन बाकांवर प्लायवूड अंथरलं गेलं. सवितानं लाकडाचा भुसा हिरव्या रंगात कालवून वाळवला आणि त्याची शेतं केली. गवती चहाची पानं बारीक कातरून उसाचा फड उभा राहिला. रुळाखालची खडी म्हणून वाळू चाळून पसरली. खुटबावचं स्टेशन पुठ्ठ्याचं झालं. फलाटावरचं बाकडं, पाण्याचा नळ, पिवळी पाटी सगळं तिनं आठवून आठवून केलं. फाटकापाशी रॉकेलच्या डब्याच्या जुन्या झाकणाची विहीरसुद्धा झाली. साखरबाई येता-जाता वाकून बघत आणि पुढं जात.

गाडी मात्र पळेना. सरळ रुळावर ऐटीत जायची आणि उसाच्या फडाजवळच्या वळणावर आली की आडवी व्हायची. सवितानं वळण मोठं केलं, रूळ घट्ट बसवले, तरी तेच. शेवटी तिनं करुणाला फोन लावला.

करुणा तिची खुटबावच्या शाळेतली मैत्रीण, एकाच बाकावरची. आता ती दौंडला रेल्वेत स्टेशन मास्तर होती, तिथंच कॉलनीत राहायची. सुट्टीच्या दिवशी ती स्कूटीवरून निमोण्याला आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "सवे, पूजाबिजा मी करत न्हाई, तुला ठावंच हाय. पण गाडीला बोलावलंस तर येणारच."

"गाडीलाच बोलावलंय. पूजेला सासूबाई हायती."

करुणानं वाकून मांडणी बघितली. नळावर बोट ठेवून म्हणाली, "हा नळ कसा ध्यानात राहिला गं तुझ्या?"

"तूच पाणी उडवायचीस माझ्यावर!"

दोघी हसत हसत प्लायवूडवर गाल टेकवून रुळाकडं बघू लागल्या. गाडी सोडली, पडली. पुन्हा सोडली, पुन्हा पडली. "आमच्याकडं असं झालं तर चौकशी बसती," करुणा म्हणाली. मग सवितानं डोळे मिटले आणि रुळावरून बोट फिरवत नेलं, नव्या साडीच्या फॉलची शिवण तपासावी तसं. वळणावर दोन रूळ जुळत होते तिथं नखाला बारीकशी पायरी लागली. "हितं हाय!" खालची वाळू थोडी काढली, सांधा दाबून बसवला. गाडी वळणावर आली, डुलली आणि सुळकन निघून गेली. दोघींनी एवढा मोठा आवाज केला की हौसराव गोठ्यातून धावत आले.

"काय झालं? साप निघाला का?"

"गाडी निघाली, आबा!" करुणा म्हणाली.

हौसराव कमरेवर हात ठेवून उभे राहिले. गाडी चार फेऱ्या करून आली तरी ते तिथंच होते.

गौरीपूजनाच्या संध्याकाळी घर भरून गेलं. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना आत शिरायला जागा नव्हती. पुतळाबाई, शेजारच्या घरच्या, सगळ्यात पुढं मांडी घालून बसल्या होत्या. करुणाही ड्यूटी संपवून थेट आली होती. सवितानं बटणाला हात घातला आणि तेवढ्यात लाईट गेली.

"आली आता गाडी!" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. समईच्या उजेडात गौराईचे मुखवटे तेवढे झळकत होते. वायरमनला फोन केला, तर शेतावरच्या डीपीत बिघाड होता, लाईट कधी येईल सांगता येत नव्हतं. सविताचा चेहरा पडला. महिनाभराचं काम, आणि बायका आता उठून दुसऱ्या घरी जाणार.

तेवढ्यात दारातून हौसराव आले, ट्रॅक्टरची बॅटरी दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

"सरका, सरका. बारा व्होल्टची हाय. तुझ्या खोक्यावर बी बाराच लिवलंय."

"मामा, तुम्ही कवा वाचलंत?"

"वाचलं कवातरी. वायर कुठं लावू ती सांग."

वेग कमी-जास्त करायचं बटण घरच्या विजेवरच चालायचं, म्हणून त्यांनी वायरी सरळ रुळालाच लावल्या. गाडी दचकली आणि उलटी धावत सुटली. शेवटचा डबा पुढं, इंजिन मागं, आणि वेग असा की वळणावर तिनं रूळ सोडला आणि थेट पुतळाबाईंच्या ओटीत जाऊन पडली.

"अगंबया! पोटात शिरती का काय माझ्या!" पुतळाबाई ओरडल्या आणि सगळा सोपा हसून लोळायला लागला. साखरबाईंना तर डोळे पुसावे लागले.

हौसरावांनी वायरींची अदलाबदल केली. आता गाडी सरळ जाणार होती, पण वेगाचं काय? सविता क्षणभर विचारात पडली. तोरणं लावताना एकाच तारेत बल्ब वाढवले की सगळेच मंदावतात, हे ती कित्येक वर्षं बघत आली होती.

"मामा, ट्रॅक्टरचा बारका दिवा काढून आणा. पार्किंगचा."

"आता ट्रॅक्टर आंधळा करती का?" म्हणत ते गेले आणि दिवा घेऊन आले. सवितानं तो एका वायरीत मधे जोडला आणि गौराईच्या पायाशी ठेवला.

साखरबाईंनी ताटातला हिरवा खण उचलून करुणाच्या हातात दिला. "घे. झेंडा दाखव. तुझंच काम हाय ते."

करुणा जरा थबकली, मग ताठ उभी राहिली, अगदी दौंडच्या फलाटावर असल्यासारखी, आणि तिनं खण हलवला. दिवा मंद पेटला. गाडी सावकाश, दमादमानं निघाली. उसाच्या फडाला वळसा घालून फाटक ओलांडून खुटबावात शिरली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. रूळ खडखडत होते आणि प्लायवूडवरची कुंकवाची कोयरी हलकेच किणकिणत होती. सविता नुसती ऐकत उभी होती.

त्या रात्री जेवणाला करुणा थांबली. पुरणपोळीवर तूप वाढताना साखरबाई म्हणाल्या, "पोरी, आता गाडीचं निमित्त नको. तशीच येत जा."

दुसऱ्या दिवशी गौराई पाठवून झाल्यावर सविता रूळ उकलायला बसली. हौसराव समोर येऊन उभे राहिले.

"ऱ्हाऊ दे ते."

"बाकं लागतील की, मामा. पाहुणं आलं तर?"

"पाहुणं बसतील सतरंजीवर. मी काय म्हंतो, दौंडावरनं काष्टीला लाईन जातीच. तिथनं निमोण्याला फाटा काढला तर?" त्यांनी प्लायवूडच्या रिकाम्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. "मधी घोडनदी लागती. पूल बांधावा लागंल. करुणाला फोन लाव, पुलाचं खांब किती अंतरावर असत्यात, इचार."

सवितानं फोन लावला आणि तो त्यांच्याच कानाला धरला.