जास्तीची पट्टी

आमच्या वर्कशॉपमधून बाहेर पडलेली वस्तू एकट्या माणसाला कधी उचलत नाही. वखर असो, ट्रॉली असो, नाहीतर साधं फाटक. जिथं एक पट्टी पुरते तिथं बाबा दोन मारतात, आणि तिसरी "असू दे" म्हणून. त्या जास्तीच्या पट्टीचा ते पैसाही लावत नाहीत. "तुटलं तर माणूस आपल्याच दारात येतो ना," म्हणतात. बाबांचं नाव कारभारी, आणि कारभारींचा माल तुटत नाही अशी पार जाफराबादपर्यंत ख्याती आहे. आई म्हणते, ह्या माणसानं पोळपाट केला तर तो उचलायला शेजारणीला हाक मारावी लागेल.

अशा माणसाकडे सैन्यासाठी हलकं स्ट्रेचर बनवायचं काम आलं. आणलं मीच, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

ज्योत्स्ना मॅडम मला इंजिनिअरिंगला शिकवायच्या. मूळच्या अंबड तालुक्यातल्या. त्यांनी पोलादाची एक पातळ, चिवट नळी तयार केली होती, आणि पुण्याच्या एका संरक्षण प्रयोगशाळेला डोंगरातून जखमी जवान खाली आणायच्या स्ट्रेचरसाठी तीच हवी होती. नळी मॅडमची, आराखडा प्रयोगशाळेचा, आता बनवून देणारा लहान कारखाना पाहिजे. मॅडमनी माझं नाव सुचवलं. सरकार, कॉलेज आणि जालना एमआयडीसीतलं आमचं पत्र्याचं शेड, असा तिघांचा संसार सुरू झाला. दोघांच्या संसारात भांडी वाजतात, इथं तर तिघं.

मॅडमनी बाबांना एकच ताकीद दिली होती. "काका, नळीला वेल्डिंगची आच लागू द्यायची नाही. आच लागली की तिचा जोर जातो. सगळे सांधे खोबणीतच बसवायचे." बाबांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

पहिली चाचणी जाफराबादच्या पुढच्या एका दगडाळ टेकडीवर ठरली. बर्फ नसला तरी चढ खडा होता. आम्ही छोट्या टेम्पोतून स्ट्रेचर घेऊन पोचलो तेव्हा मॅडम आधीच आलेल्या होत्या.

"जय भीम, मॅडम," बाबा म्हणाले.

"रामराम, काका."

प्रयोगशाळेच्या तृप्ती मॅडम पुण्याहून दोन जवान आणि वजनकाटा घेऊन आल्या होत्या. बाई शिस्तीच्या. चहा नको, गप्पा नकोत, आधी वजन. स्ट्रेचर काट्यावर ठेवलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हे जास्त आहे. बरंच जास्त आहे."

मी वाकून बघितलं. प्रत्येक सांध्याभोवती लोखंडी पट्टी आवळलेली, वर नट-बोल्ट, आणि कुणाला दिसू नये म्हणून सगळ्याला झकास हिरवा रंग. आदल्या रात्री रंगाचं काम मी बाबांवर सोडलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा!"

"ओरडून काहून राह्यली? वेल्डिंग न्हाई केलं मी. मॅडमनी सांगितलं ते बराबर पाळलं. नुसते बोल्ट आवळले."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! स्ट्रेचर वजनात बसलं नाही तर काम दुसऱ्या कारखान्याकडे जाणार, हे आधीच ठरलेलं होतं. मॅडमच्या नळीला दुसरा कुणीतरी मिळाला असता. आम्ही मात्र पुन्हा फाटकं करत बसलो असतो, आणि मला जन्मभर फाटकं करायची नव्हती. मी टेम्पोतून पाना काढला आणि पहिल्या बोल्टाला लावला. बाबांनी वर हात ठेवला.

"काढायचं तर काढ. पण मंग ह्याच्यावर कारभारीचं नाव लावू नको. लेकराला गोळी लागलेली, वरून हे डोंगरात मोडलं, तर? मी झोपू शकतो का नंतर? बिलकुल न्हाई."

ते चिडून बोलत नव्हते, खरंच घाबरले होते. त्यामुळे मला आणखीच राग आला, कारण घाबरलेल्या माणसाशी भांडताही येत नाही.

तृप्ती मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बनवणाऱ्यालाच भरवसा नसेल तर मी हे जवानांच्या हातात कसं देऊ? पट्ट्या काढा नाहीतर ठेवा, पण आधी तुमचं एकमत होऊ द्या. जेवणानंतर चाचणी. वजन तेव्हा पुन्हा बघेन."

एवढं बोलून त्या डबा उघडून बसल्या. ज्योत्स्ना मॅडम बाबांना समजवायला गेल्या आणि आकडे सांगू लागल्या. बाबा आदरानं सगळं ऐकत होते आणि आदरानं नाही म्हणत होते.

जवानांपैकी हवालदार संपत साताऱ्याकडचे. चांगले भरदार गडी. बराच वेळ ते दगडावर बसून हा तमाशा बघत होते. मग उठले, स्ट्रेचरवर जाऊन आडवे झाले आणि पोटावर हात ठेवले.

"काका, मला एकदा उचला की."

"मी?"

"तुमीच बनवलंय न्हवं? तुमच्या पट्ट्यांसकट उचला. त्या झाडापातूर न्या. मागनं आमचा गडी धरंल."

बाबांना आव्हान दिलं की संपलं. टोपी सारखी करून त्यांनी पुढचे दांडे धरले आणि ताडताड चढू लागले. साठी ओलांडलेला माणूस, पण ऐरण उचलणारा. गुरं चारणारे दोघं-तिघं टाळ्या पिटायला लागले. पहिल्या वळणापर्यंत बाबा माझ्याकडे ऐटीत बघत होते. दुसऱ्या वळणावर बघणं बंद झालं. झाड अजून लांब होतं तेव्हाच त्यांनी स्ट्रेचर खाली टेकवलं. मी पाणी घेऊन धावले. बाबांची छाती भात्यासारखी चालली होती.

हवालदार झोपल्या जागेवरून म्हणाले, "दम घ्या, काका."

बऱ्याच वेळानं बाबांनी विचारलं, "तुमाला असं किती चालावं लागतं?"

"वाट असंल तसं. कधी सकाळी निघून सांजेला पोचतो. वर हवाच पातळ, श्वास पुरत न्हाई. मग थांबतो आमी."

"अन् वर जो झोपलेला असतो, तो?"

"त्याला थांबायला येळ नसतो, काका."

हवालदार उठून बसले. बाबांनी माझ्यापुढे हात केला. मी पाण्याची बाटली दिली तर त्यांनी ती बाजूला सारली.

"पाना दे."

एकेक बोल्ट त्यांनी स्वतः काढला. शेवटच्या सांध्याशी हात थांबला, तेव्हा त्यांनी ज्योत्स्ना मॅडमकडे बघितलं. "मॅडम, पण मोडलं मंग?"

"काका, ही नळी मी इतक्या वेळा मोडायला गेले की माझे विद्यार्थी मला हसतात. आणि तुमच्या खोबण्यांत नखही शिरत नाही. मी तुमच्या कामावर भरवसा ठेवलाय. तुम्ही माझ्या कामावर ठेवा."

शेवटची पट्टी निघाली. काट्यानं या वेळी तृप्ती मॅडमना काही बोलायला जागा ठेवली नाही. त्यांनी स्ट्रेचरवर माणसाच्या वजनाचं वाळूचं पोतं बांधलं आणि शिट्टी मारली. जवान निघाले, तेही पळतच. टेकडीच्या माथ्यावर जाऊन वळले आणि उतरणीला लागले. बाबा खाली माझा दंड घट्ट धरून उभे होते. मधल्या घळीत पुढच्या जवानाचा पाय घसरला आणि दांडा खाडकन खडकावर आपटला. नळी वाकली. बाबांनी डोळे मिटले. नळी तशीच सरळ झाली आणि जवान पुढे पळाले.

"बाबा, उघडा डोळे. काही नाही झालं."

जवान समोर येऊन थांबले. तृप्ती मॅडमनी सांधे चाचपले, दांडे दाबून बघितले, आणि पहिल्यांदाच हसल्या. "पास. पुढच्या चाचणीसाठी आणखी दहा बनवा, बर्फात न्यायचीत." ज्योत्स्ना मॅडमनी आधी मला आणि मग चक्क तृप्ती मॅडमना मिठी मारली. आनंदानं मला काय करावं ते सुचेना, मी गुराख्यांना चहाचं आमंत्रण देऊन टाकलं.

बाबांचं मात्र आमच्याकडे लक्षच नव्हतं. ते हवालदारांच्या पुढ्यात उभे राहून त्यांच्या छातीकडे टक लावून बघत होते.

"अर्पे," ते मला म्हणाले, "बघ, धाप लागली न्हाई लेकराला."