लादी उभी ठेवली

सासऱ्यांनी तीस वर्षं गाडी स्वतः भरली होती. घरच्या कारखान्यातली कपाटं कुणीही बनवोत, ती गाडीत कशी चढवायची हे तेच ठरवायचे आणि त्यात मुलाचंही चालत नसे. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना वजन उचलायला सक्त मनाई केली. पुढची खेप कोण भरणार, हे घरात कुणी विचारलं नाही, पण ते प्रत्येकाच्या मनात होतं.

ती खेप एका निवृत्त शिक्षिकेच्या स्वयंपाकघराची होती. बाई चाकांच्या खुर्चीत असायच्या आणि जुन्या ओट्यापर्यंत त्यांचा हात पोचत नसे. सूनबाईने त्यांच्यासाठी ओटा कमी उंचीचा आखला आणि खुर्ची आत सरकेल एवढी खाली मोकळी जागा ठेवली. आराखडे ती करायची, बसवायचं काम तिच्या नवऱ्याचं. त्या दिवशी तो भिंती तपासायला सकाळीच पुढे गेला. जाताना एवढंच म्हणाला, की गाडी तूच भर, कुठलं काय आहे ते तुलाच पाठ आहे.

सासरे दाराशी खुर्ची टाकून बसले, काठी गुडघ्यांमध्ये धरून.

सूनबाईने आधी गाडीचा तळ झाडून घेतला. कोपऱ्यात एक खिळा निघाला, तो तिने खिशात टाकला. मग सगळे खण बाहेर काढून वेगळे बांधले, दारांच्या जोड्यांमध्ये जुनी घोंगडी घातली. सगळ्यात जड कपाटं तिने पुढे, चालकाच्या पाठीमागच्या पत्र्याला टेकवून ठेवली, वजन डावी-उजवीकडे सारखं होईल अशी. कारखान्यातला पॉलिशवाला मदतीला होता. तो मुळात कमी बोलणारा, त्यामुळे काम भराभर चाललं. कपाटं टांगायला सगळ्यात आधी लागणाऱ्या भिंतीवरच्या लाकडी पट्ट्या तिने मुद्दाम शेवटी चढवायच्या ठेवल्या, म्हणजे दार उघडलं की त्या हाताला लागतील.

सासरे बघत होते. ओट्याची काळी लादी आली, तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

"आडवी घाल. माझ्या हातून आजवर एक लादी फुटली नाही."

पॉलिशवाला थांबला. सासऱ्यांना 'नाही' म्हणायची सूनबाईची ही पहिलीच वेळ होती.

"बाबा, हिला सिंकचं भोक पाडलंय," ती म्हणाली. "भोकाच्या दोन्ही कडांना जेमतेम चार बोटं दगड उरलाय. आडवी ठेवली तर पहिल्याच खड्ड्यात तिथे तडकेल. मी उभी ठेवणार."

"मग टेकणार कशाला?"

तिने दाखवलं. आदल्या दिवशी तिने लाकडाची तिरकी चौकट ठोकून घेतली होती, आतून जाड कापड लावलेली, गाडीच्या कडीला बोल्टने घट्ट बसवलेली. सासरे उठले, काठी टेकत आले, चौकट दोन्ही हातांनी हलवून पाहिली. ती हलली नाही. लादी चौकटीत उभी करून बांधल्यावर त्यांनी तिच्यावरचा कसून बांधायचा पट्टा ओढून पाहिला.

"खालून आणखी एक घे," ते म्हणाले.

तिने घेतला. त्यांचं बरोबर होतं.

सासरेही बरोबर येणार म्हणाले आणि खिडकीशी बसले. पॉलिशवाला गाडी चालवत होता. मोठ्या चौकात समोरच्या ट्रकने अचानक वळण घेतलं आणि त्याने कचकन ब्रेक मारला. तिघंही पुढे झुकले. मागून फक्त पट्टा करकरल्याचा आवाज आला.

गाडी बाजूला घेतल्यावर सूनबाईने मागचं दार एका अंगाला उभं राहून जपून उघडलं. सगळं जागच्या जागी होतं. एक पट्टा किंचित सैल झाला होता, तो तिने कसला. लादीवरून हात फिरवला, भोकाच्या कडेपाशी जरा जास्त वेळ. मग तिने सासऱ्यांना खिडकीतून सांगितलं, की साधा ओरखडाही नाही. ते म्हणाले, "हं." पण पुढचा सगळा रस्ता ते बाहेर न बघता तिच्याकडेच बघत होते.

दुपार टळेपर्यंत ओटा बसला. बाईंनी खुर्ची आत सरकवली, दोन्ही तळहात दगडावर टेकवले आणि नळ स्वतः सोडला. मग त्यांनी सूनबाईच्या नवऱ्याला विचारलं, हे तुम्ही केलंत?

त्याने तोंड उघडायच्या आत सासरे बोलले.

"आखलं हिनं, बाई, आणि इथवर सुखरूप आणलंही हिनंच. मी लादी आडवी घाल म्हणत होतो. माझं ऐकलं असतं, तर आज तुम्हाला दोन तुकडे दाखवले असते."

इतक्या लोकांसमोर आपली चूक सांगताना त्यांचा आवाज जराही खाली आला नव्हता, उलट चांगला चढला होता. नवरा हसायला लागला. पॉलिशवाल्याने दिवसभरात पहिल्यांदा न विचारता तोंड उघडलं आणि चौकातल्या ब्रेकची हकिकत सांगितली, थोडी वाढवूनच.

सूनबाईने खाली वाकून घोंगडी गोळा करायला घेतली. पट्टे ओढून तळहातांवर लाल वळ उठले होते. गाडी तिनेच भरल्याची ती खूण होती, कुणी पाहिली तरी चालणार होतं.