बायनाबाईच्या विहिरीतला काळा पाषाण

मी काळा पाषाण बोलतोय. आष्टी तालुक्यातल्या एका वस्तीवर बायनाबाईची विहीर आहे, तिच्या तळाचा. विहीर कोरडी पडलीय, म्हणून तर तुम्हाला माझं तोंड दिसतंय.

माझा जन्म पाताळातला. जमिनीखाली खूप खोल तापलेला खडक असतो. घट्ट असूनही तो युगानुयुगं संथ सरकत राहतो. त्यातला थोडा वितळून सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वर आला, थरावर थर साचले आणि निवून मी झालो.

तेव्हा हा देश समुद्रात एकटाच होता, पार दक्षिणेला. उत्तरेला आशिया आणि मधे समुद्र. त्या समुद्राचा तळ जड. तो आशियाखाली घुसून पाताळात बुडत होता आणि बुडता बुडता आम्हालाही ओढत होता. शेवटी तळ संपला. जमीन मात्र हलकी, ती बुडेना. मग दोन्हीकडच्या जमिनी एकमेकींवर आदळल्या आणि चुरगळून हिमालय वर आला. त्याचं सगळ्यांना कौतुक. आमच्या वाट्याला काय, तर पावसाचे ढग सह्याद्री अडवतो आणि इथे नुसता वारा येतो.

माझ्या अंगात पाणी मुरत नाही. पण माझ्या दोन थरांमधे तांबड्या मातीचा पट्टा आहे. त्यावर अडलेलं पाणी फटींतून या विहिरीत झिरपायचं. बहात्तरच्या दुष्काळातही विहीर आटली नव्हती. अख्खी वस्ती तिच्यावर जगायची.

मागच्या दुष्काळात पाणी कमी पडू लागलं, म्हणून वस्तीच्या सहकारी पाणी संस्थेने विहिरीच्या तळात बोअर घ्यायचं ठरवलं. चेअरमन भगवानराव काठावरून म्हणाले, "पाताळात लई पाणी हाय. चारशे फूट जाऊ द्या."

"झरा वर हाय, खाली कावून जाता?" बायनाबाई म्हणाली. "तांबडी माती फोडू नका. सासरे सांगून गेलेत."

"आक्का, ठराव झालाय. हात तुमीबी वर केलता."

केला होता. सगळ्यांनी केला म्हणून तिनेही केला होता.

अरे, पाताळातून मीच आलोय, मला विचारा की! तिथलं पाणी बुडालेल्या समुद्रतळाच्या दगडात जिरलेलं, ते पोहऱ्याने निघत नाही. पण दगडाचं कोण ऐकतो?

बोअर तांबडा पट्टा फोडून गेला. खाली माझ्या कोरड्या भेगा होत्या. दुपारपर्यंत वरचं सगळं पाणी त्या वीतभर भोकातून खाली गेलं. चारशे फुटांवर फक्त माझी भुकटी निघाली.

"निदान भोक तरी बुजवा, पुढच्या पावसाचं पाणी टिकंल," बायनाबाईने विनवलं.

"त्यालाबी ठराव लागतो, आक्का."

पाणी गेलं म्हणून निम्मी वस्ती ऊसतोडीला गेली, ती पावसाळ्यातही परतली नाही. सभासद गावात नाहीत म्हणून बैठकीचा कोरम भरत नाही. तीनदा बैठक बोलावली, तीनदा सतरंजी गुंडाळली. दोन पावसाळे त्या भोकातून वाहून गेले.

परवा बायनाबाई पायऱ्या धरत धरत खाली उतरली. पदरात चिकणमाती आणली होती, ती तिने भोकात कोंबली. माती सरळ आत गेली. मग बायनाबाई माझ्यावर बसली आणि म्हणाली, "माजाबी हात व्हता रं त्यात." मला लाज वाटली. एवढा समुद्र ओलांडून आलेला मी, वीतभर सरकून ते भोक बुजवू शकत नाही.

मी आजही वर्षाला दोन-तीन बोटं उत्तरेला सरकतोय. मला घाई नाही. ती सत्तरीची आहे आणि रोज दीड कोसावरून घागर आणते. कुणी येणार असाल तर सिमेंटची दोन पोती घेऊन या. ठराव मागाहून करा.